आकडे हातात येण्याआधीचे प्रश्न

आरोग्य-संशोधनाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा निम्मी पत्रे कुठले सॉफ्टवेअर वापरावे याचीच असतील असे वाटले होते. तसे झाले नाही. शीवच्या निवासी डॉक्टरांपासून गोवंडीच्या कार्यकर्तीपर्यंत बहुतेकांची गाडी आकडे जमण्याच्या आधीच कुठेतरी अडलेली दिसते. निवडक पत्रे इथे घेतली आहेत. नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न: एमडीच्या थीसिससाठी ओपीडीतल्या ८० रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेतली. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) विभागाने मंजूर केला आहे, पण एथिक्स कमिटीचे पत्र अजून आलेले नाही. ते आले की संमतीपत्रांवर मागची तारीख टाकून सह्या घेतल्या तर चालेल का?
निवासी डॉक्टर, शीव

उत्तर: नाही चालणार, आणि ‘सगळेच करतात’ म्हणूनही चालणार नाही. विभागाची मंजुरी विषयाला असते, रुग्णांकडे जायची परवानगी कमिटी देते. काम आधी आणि मंजुरी नंतर हे वरातीमागून घोडे झाले. मागच्या तारखेपासून लागू होईल अशी मंजुरी कमिटी देत नाही.

मागची तारीख टाकणे तर त्याहून वाईट, कारण आत्तापर्यंत झाली ती घाई होती, ही लबाडी होईल. शिवाय ती पकडली जाते. मंजूर संमतीपत्राच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, बहुतेक ठिकाणी कमिटीचा शिक्काही असतो. मार्चमध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीवर जानेवारीची सही दिसली की परीक्षकाला वेगळे काही शोधावे लागत नाही.

आता करायचे काय? कमिटीच्या सदस्य सचिवांना लेखी कळवा: किती रुग्ण, कोणत्या तारखांना, काय विचारले, कागद कुठे आहेत. त्या ८० प्रश्नावल्या थीसिसमध्ये धरू नका. नेहमीच्या उपचारातच झालेल्या तपासण्या, म्हणजे केस पेपरवर आधीच असलेली माहिती, जुन्या नोंदींचा अभ्यास म्हणून वापरता येते का, यासाठी वेगळा अर्ज करता येतो. धोका अगदी कमी असेल आणि ओळख पुसलेली असेल, तर संमतीतून सूट मिळू शकते. पण ती सूट कमिटीने द्यायची असते, संशोधकाने स्वतः घ्यायची नसते. ‘माझा अभ्यास निव्वळ निरीक्षणाचा, त्याला मंजुरी कशाला’ हा निर्णयसुद्धा कमिटीचाच.

थीसिसमध्ये एखादा उपचार, व्यायाम, आहार किंवा औषध देऊन पाहायचे असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे काम सुरू झाल्यावरची नोंद घेत नाहीत. नोंदणी विनाशुल्क आहे, पण शंका विचारून अर्ज परत येतो आणि त्यात आठवडे जातात. ते वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

प्रश्न: गरोदर महिलांमधल्या रक्तक्षयाचे प्रमाण काढायचे आहे. गाईड म्हणतात, १०० महिला घे, पुरे. १००च का, हे कुणी सांगत नाही.
नर्सिंगची विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर: १०० हा आकडा गोल दिसतो, एवढेच त्याचे समर्थन. प्रमाण काढायचे असेल तर हिशेब साधा आहे: ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा, १.९६चा वर्ग) गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले उरलेले प्रमाण, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या गरोदर महिलांत रक्तक्षयाचे प्रमाण ५२.२ टक्के आले होते. म्हणून आपण ५० टक्के धरू. उत्तर पाच टक्के इकडेतिकडे चालत असेल, तर ३.८४ × ०.५ × ०.५ ÷ ०.००२५ म्हणजे ३८४ महिला. दहा टक्के नकार देतील किंवा नमुना वाया जाईल असे धरून ३८४ला ०.९ने भागा: ४२७. (३८४मध्ये नुसते दहा टक्के मिळवले तर ४२२ येतात. फरक थोडा आहे, पण तोंडी परीक्षेत हाच विचारतात.) याच हिशेबाने १०० महिला घेतल्या, तर उत्तर ‘४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी’ असे येईल. तेवढे तर रक्त न काढताही सांगता आले असते.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. दहा टक्क्यांच्या आसपास आढळणारा आजार असेल आणि चूक तीच पाच टक्के धरली, तर नमुना १३९वर येतो आणि काम सोपे वाटते. पण मग उत्तर ५ ते १५ टक्के, म्हणजे तिप्पट फरकाचे. तिथे चूक दोन टक्के धरावी लागते आणि नमुना ८६४वर जातो.

अंगणवाड्या निवडून प्रत्येकीतल्या २० महिला घेणार असाल, तर एवढ्यानेही भागत नाही. एका वस्तीतल्या बायकांचे खाणे, पाणी, रेशनचे दुकान सारखे असते. त्यामुळे वीस जणींकडून वीस जणींइतकी नवी माहिती मिळत नाही. एका गटातल्या माणसांमधले साम्य ०.०५ धरले तर १ + (२० − १) × ०.०५ = १.९५, म्हणजे नमुना जवळजवळ दुप्पट: ३८४चे ७४९ आणि नकार धरून ८३३. तेवढी ताकद नसेल तर अंगणवाड्या वाढवा आणि प्रत्येकीतल्या महिला कमी करा. एकूण संख्या खाली येते.

अशा गटांच्या अभ्यासाचे मुंबईतले मोठे उदाहरण टाटा मेमोरियलचे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीत शहरातल्या वस्त्यांचे २० गट पाडले होते आणि ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला त्यात होत्या. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविका ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी करत. तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उरलेल्या गटांत तपासणीऐवजी आरोग्यशिक्षण दिले गेले. तपासणीचा उपयोग होतो हे दुसरीकडे माहीत असताना असा तुलनेचा गट ठेवावा का, यावर पुढे बराच वाद झाला. नमुना ठरवताना ‘तुलनेच्या गटाला काय मिळणार’ हा प्रश्नही त्याच कागदावर लिहावा लागतो तो यासाठी.

आणि नमुना कुठून? मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत खालून पाठवलेल्या जोखमीच्या केसेस जास्त येतात. तिथले प्रमाण हे त्या ओपीडीचे असते, मुंबईचे नव्हे. शीर्षकात ‘मुंबईतील गरोदर महिला’ लिहिण्याआधी हे पाहा. बोटातून रक्त घेणार असाल तर पहिला थेंब पुसा आणि बोट पिळू नका. पिळले की पेशींभोवतीचे पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन खोटेच कमी दिसते. ११ ग्रॅमच्या रेषेजवळच्या कितीतरी जणी एवढ्यानेच रक्तक्षयाच्या रकान्यात जातात.

प्रश्न: आमची संस्था वस्तीतल्या महिलांच्या आरोग्याची आणि मनःस्थितीची पाहणी करणार आहे. प्रश्नावली इंग्रजीत आहे, भाषांतर आम्हीच करू. आणखी काय पाहावे?
कार्यकर्ती, गोवंडी

उत्तर: भाषांतरापासून सुरुवात करू, कारण तिथेच पाय घसरतो. एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावे आणि दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून फरक शोधावा. तुमच्या भागात हेच हिंदीसाठीही करावे लागेल. पुस्तकी शब्द टाळा. ‘श्वेतप्रदर’ कुणाला कळणार नाही, ‘अंगावरून पांढरं जातं का?’ हे कळेल. पण नुसते ‘अंगावर जाते का?’ विचारले तर कुणी पांढरे समजेल, कुणी लाल, आणि दोघींची उत्तरे एकाच रकान्यात पडतील. ‘टेन्शन’ हा शब्द सगळे वापरतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा: उसनवारी, नवऱ्याची दारू, मुलीचे लग्न, कधी नुसते डोके दुखणे. म्हणून ‘टेन्शन येते का’ विचारू नका. झोप, भूक, कामात मन लागणे असे सुटे विचारा. ‘गेल्या तीन महिन्यांत’ ऐवजी ‘दिवाळीपासून’ किंवा ‘ईदपासून’ म्हटले की आठवण पक्की होते. मग दहा-पंधरा जणींवर चाचणी घ्या. उत्तरांपेक्षा त्या कुठल्या प्रश्नावर अडखळतात ते टिपा.

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत मिळत नाही, हे गृहीत धरा. सासू शेजारी बसलेली असताना मिळालेली उत्तरे सासूसाठी असतात. बालवाडी सुटल्यावरची खोली किंवा आरोग्य केंद्राचा कोपरा आधी ठरवून ठेवा. हिंसाचाराबद्दल काही विचारणार असाल तर लसीकरणाच्या साध्या प्रश्नांचा एक कागद वर ठेवा. कुणी आत आले की मुलाखत घेणारीने त्यावर सरकायचे. हे तिला आणि उत्तर देणारीला दोघींना आधीच माहीत हवे.

बंद दाराचे काय? सकाळी अकराला गेलात तर घरकामाला जाणाऱ्या बायका सापडणारच नाहीत. म्हणून शेजारचे उघडे घर घेतले की पाहणीतून नेमक्या कमावत्या बायका गळतात. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यात एक रविवारची. तरी दार बंदच असेल तर ‘भेट झाली नाही’ अशी नोंद. बदली घर घ्यायचे नाही.

आता सगळ्यात जड मुद्दा. मनःस्थितीसाठी बहुतेक जण पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरतात: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले की पुढच्या तपासणीची गरज. त्यातला नववा प्रश्न मरून जावेसे किंवा स्वतःला इजा करावीशी वाटण्याचा आहे. त्याला ‘होय’ आले की ती पाहणी तिथेच थांबते आणि जबाबदारी सुरू होते. महिनाभराने बेरीज करताना तो आकडा दिसला, असे होता कामा नये. मुलाखत घेणारीच्या हातात लेखी पायऱ्या हव्यात: तिला एकटी सोडायचे नाही, पर्यवेक्षिकेला लगेच फोन, त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलणे, जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. जिवाला धोका दिसला तर गोपनीयता तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागेल, हे माहितीपत्रकात आधीच लिहिलेले असावे. ही व्यवस्था उभी करता येत नसेल तर तो प्रश्न विचारू नका, आणि मग नऊचे आठ झाले हे अहवालात प्रामाणिकपणे सांगा.

मुलाखत घेणाऱ्या मुलींचाही विचार करा. दिवसाला चार-पाच मुलाखती पुरे.

प्रश्न: दोन गटांत फरक दिसतो, पण पी व्हॅल्यू ०.०६ आली. आणखी दहा रुग्ण घेतले की ०.०५च्या खाली येईल असे सांगतात. घ्यावेत का?
पदव्युत्तर विद्यार्थी, परळ

उत्तर: घेऊ नयेत. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. खरा फरक नसतानाही ती ०.०५च्या खाली जाण्याची शक्यता एका वेळच्या चाचणीत पाच टक्के असते. वाढत्या आकड्यांवर दोनदा पाहिले की ती आठ टक्क्यांच्या वर जाते, पाचदा पाहिले की चौदाच्या. ‘खाली आली की थांबायचे’ असे ठरवले तर ती कधीतरी खाली येतेच. वीस वेगवेगळे घटक तपासणाऱ्यांचेही तेच: निदान एकात खोटा फरक मिळण्याची शक्यता ६४ टक्के.

०.०६ आहे तसे लिहा, सोबत फरक किती आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो, द्या. वरचा रक्तदाब ४ मिमीने कमी झाला आणि इंटरव्हल उणे ०.२ ते ८.२ असा आहे, यातून वाचणाऱ्या डॉक्टरला ‘नॉट सिग्निफिकंट’पेक्षा पुष्कळ जास्त कळते.

प्रश्न: माहिती एक्सेलमध्ये भरली. संख्याशास्त्रज्ञांनी फाइल दोनदा परत केली, कारण नीट सांगत नाहीत.
संशोधन सहायक, ठाणे

उत्तर: कारणे बहुधा पुढच्यांपैकी असतील. वयाच्या रकान्यात ‘४५’, ‘४५ वर्षे’ आणि ‘४५/स्त्री’. न मिळालेल्या माहितीसाठी कुठे ०, कुठे ९९९, कुठे डॅश. (९९९ साखर म्हणून सरासरीत गेले की सगळा गट मधुमेही होतो.) अर्थ फक्त रंगाने सांगितलेला: पिवळे म्हणजे वारलेले, हिरवे म्हणजे गावी गेलेले. रंग मोजता येत नाहीत. जोडलेल्या चौकटी. एका लॅबची साखर मिलिग्रॅममध्ये आणि दुसरीची मिलिमोलमध्ये, ज्यांत १८ पटींचा फरक असतो. हिमोग्लोबिन ११.२चे ११२.

यापेक्षा छुपी चूक तारखांची. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर तुमचे ०३/०७ तो ७ मार्च समजतो. १३/०७ त्याला कळत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटून राहते. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्याही बऱ्याच उलटल्या आहेत. जुलैमधले डेंग्यूचे रुग्ण मार्चमध्ये गेले की पावसाळ्याचा आलेख वाचण्यालायक राहत नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा, कटकट मिटते.

मोठ्यांचीही यातून सुटका नसते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ नोंदी रोजच्या आकड्यांतून गळल्या, कारण माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतली जात होती. तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही, आणि ती तसे ओरडून सांगतही नाही.

पद्धत अशी ठेवा: एका रुग्णाच्या एका भेटीला एक ओळ. कुठल्या रकान्यात काय आणि कुठल्या एककात, याची वेगळी कोडवही. मूळ फाइल कुलूपबंद, दुरुस्त्या प्रतीवर आणि तारखेसह. दहा टक्के ओळी दुसऱ्याने केस पेपरवरून नव्याने भरून ताडून पाहायच्या. रक्तदाबाचे शेवटचे अंक मोजा. निम्म्याहून जास्त शून्यावर संपत असतील तर चूक भरणाऱ्याची नाही, मोजणाऱ्याची आहे.

नाव, केस पेपर क्रमांक, मोबाइल आणि आधार या फाइलमध्ये नकोतच. नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, पासवर्डखाली. पण नाव काढले म्हणजे ओळख गेली असे नाही. पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असा अंदाज संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये मांडला होता. परळचा पिनकोड, ९१ वर्षांची बाई आणि दुर्मीळ आजार एवढे लिहिले की तिच्या चाळीत सांगायचे काही उरत नाही. जन्मतारखेऐवजी वय, ऐंशीच्या पुढे एकच गट, पिनकोडऐवजी पालिकेचा वॉर्ड. तक्त्यात पाचाहून कमी माणसे असलेली चौकट शेजारच्या गटात मिळवा.

प्रश्न: वडिलांना (६८, मधुमेह) नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ का, असे विचारले आहे. चौदा पानी इंग्रजी कागद दिला, उद्याच सही हवी म्हणतात. त्यांचा गिनीपिग होईल का? सही मी करू का?
एक वाचक, लालबाग

उत्तर: शेवटचे आधी. वडील शुद्धीत आणि समजते आहेत, तर निर्णय आणि सही त्यांचीच. ‘डॉक्टर म्हणतील ते’ ही संमती नव्हे, आणि ‘मुलगा म्हणेल ते’ हीसुद्धा नव्हे. कागद त्यांना समजणाऱ्या भाषेत, बहुधा मराठीत, मागा. विचाराला वेळ मागा. उद्याची घाई चाचणीला असेल, मधुमेहाला नाही. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवावे लागते.

कागदावर सीटीआरआय क्रमांक शोधा. त्यात वर्ष, महिना आणि पुढे आकडा असतो. नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो. तिथे तुमच्या रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव आहे का, भरती सुरू आहे का, ते बघा.

मग हे विचारा. तुलना कशाशी? नुसत्या प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीशी, असेल तर सध्याच्या गोळ्या चालू राहणार का? कोणते औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. त्यामुळे ‘नवे, म्हणजे बरेच चांगले’ या आशेवर सही करू नका. फेऱ्या किती, रक्त किती वेळा, लोकल-टॅक्सीचे पैसे कोण देणार? रात्री साखर खाली गेली तर कोणता फोन?

२०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार त्रास झाला तर उपचार मोफत करावे लागतात. जोवर डॉक्टरांना गरज वाटते किंवा त्रास चाचणीमुळे नाही हे ठरत नाही, यातले जे आधी होईल तोवर. चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईही द्यावी लागते. गंभीर घटना २४ तासांत कळवायची असते. चाचणीला मंजुरी देणाऱ्या कमिटीत किमान सात जण, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, निदान एक सामान्य नागरिक आणि निदान एक महिला असावी लागते. त्या कमिटीचा फोन माहितीपत्रकावर असतो, तो वापरा. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या, ती हक्काची आहे. मधूनच बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

गिनीपिग या शब्दाला तुमच्या भागातच इतिहास आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर पाहिली. आज कैद्यांची गणना खास संरक्षण द्यावे अशा गटांत होते. बंद दाराआड दिलेल्या होकाराचे वजन वेगळे करावे लागते.

प्रश्न: सहभागी होणाऱ्यांना ५०० रुपये दिले तर ते आमिष ठरेल का?
समाजकार्याचा विद्यार्थी, देवनार

उत्तर: येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज ही भरपाई आहे, ती द्यायलाच हवी. एरवी ‘नाही’ म्हटले असते असा माणूस केवळ पैशासाठी धोका पत्करत असेल, तर आमिष. रक्कम कशी काढली तो हिशेब कमिटीला द्या, आणि पैसे प्रत्येक भेटीला द्या. सगळे शेवटच्या भेटीला ठेवले की मध्येच बाहेर पडण्याचा हक्क नावापुरता उरतो.

प्रश्न: रुग्णाच्या त्वचेचा फोटो लेखात छापायचा आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की पुरे ना?
त्वचारोगतज्ज्ञ, डोंबिवली

उत्तर: पुरे नाही. गोंदण, जुना व्रण, मंगळसूत्राची घडण, मागच्या भिंतीवरची नावाची पाटी यांतल्या कशावरूनही ओळख पटते. उपचाराची संमती फोटोला लागू होत नाही आणि फोटोची संमती छापण्याला लागू होत नाही. लेख इंटरनेटवर कायम राहील आणि नंतर मागे घेता येणार नाही, हे सांगून वेगळी लेखी संमती घ्या. चेहऱ्याची गरज नसेल तर फोटो काढतानाच तेवढा भाग घ्या, कातरण्याचे काम नंतरवर ठेवू नका. तो फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच गेला असेल, तर तोही तिथून काढायला सांगा.